शहराचे आरोग्य राखणाऱ्यांचे आरोग्य

नागरिक झोपेतून उठण्यापूर्वीच नगरपालिकेचा कामाचा दिवस सुरू झालेला असतो. पहाटे हजेरी चौकीवर सफाई कामगारांची नोंद होते, पाणीपुरवठा विभागाचा व्हॉल्व्हमन ठरलेल्या वेळी पाणी सोडतो, घंटागाडी गल्लीत शिरते, अग्निशमन केंद्रातील पाळी बदलते आणि दवाखान्यातील परिचारिका रात्रपाळीचे टिपण पुढच्या परिचारिकेकडे सोपविते. पुढे दहाच्या सुमारास कर विभाग, जन्म-मृत्यू नोंदणी, बांधकाम परवानगी अशा खिडक्यांसमोर रांगा लागतात. शहराचे जीवन सुरळीत चालते ते या सर्वांच्या श्रमांवर. तथापि, ज्यांच्याकडे शहराचे आरोग्य सोपविले आहे, त्यांच्या स्वतःच्या आरोग्याची व्यवस्था कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न बहुतेक स्थानिक संस्थांत वर्षातून एखादे तपासणी शिबिर भरविण्यापलीकडे गेलेला नाही.

भारतीय संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत या प्रश्नाचे उत्तर आहे. कामगार स्त्री-पुरुषांचे आरोग्य व बळ यांचा दुरुपयोग होऊ नये, असे अनुच्छेद ३९ सांगतो. कामाची परिस्थिती न्याय्य व मानवोचित असावी, असे अनुच्छेद ४२ सांगतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हे विषय बाराव्या अनुसूचीत समाविष्ट केले. म्हणजेच स्थानिक संस्था ही एकाच वेळी नागरिकांच्या आरोग्याची विश्वस्त आणि हजारो कामगारांची मालक आहे. पहिल्या भूमिकेची चर्चा पुष्कळ होते, दुसरीची त्या मानाने फारच थोडी. या लेखात दुसऱ्या भूमिकेचा विचार केला आहे.

महाराष्ट्रातील जुना विचार

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. कोकणातील गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या कारागृहात सफाईचे काम स्वतः करण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेल्यावर उपोषण केले. येरवड्याच्या कारागृहात असलेल्या महात्मा गांधींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपोषण आरंभिले होते. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेबांनी संडासाची अशी रचना विकसित केली की, मैल्याचे खत होईल आणि कोणालाही तो ताजा हाताळावा लागणार नाही. कामगाराने काळजी घ्यावी, एवढे सांगून ते थांबले नाहीत. काम ज्या रचनेमुळे घातक होते ती रचनाच बदलावी, हा त्यामागील विचार होता.

तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ साली व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये सादर झाला व त्यातील प्रमुख शिफारशी केंद्र सरकारने १९५५ साली सर्व राज्यांकडे पाठविल्या. त्यानंतर १९५७ साली केंद्रीय पातळीवर नेमलेल्या मलकानी समितीने १९६० मध्ये आपला अहवाल दिला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद व्हावी, त्यासाठी हातगाड्या व सुधारित साधने द्यावीत, हा या समित्यांच्या शिफारशींचा गाभा होता. शिफारशी कागदावर मान्य झाल्या, परंतु त्यांची अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या इच्छेवर राहिली. कायद्याने या प्रथेवर बंदी येण्यास १९९३ साल उजाडले आणि अधिक व्यापक असा दुसरा कायदा २०१३ साली झाला. शिफारस आणि अंमल यांतील हे अंतर पुढील सर्व विवेचन वाचताना ध्यानात ठेवणे इष्ट होईल.

बसवाहक, चालक आणि सरकारी सेवक

काम आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयीचे दोन नामांकित अभ्यास लंडनमध्ये झाले आणि ते दोन्ही सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांवर झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पहिला अभ्यास डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांचा. लंडनच्या सार्वजनिक वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या व निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध केले. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेने हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. वाहक कामाच्या एका दिवसात सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत असत. त्याच अभ्यासात पायी वा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि बैठे काम करणारे टपाल कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला. मॉरिस यांनी आपल्याच निष्कर्षाची नंतर कठोर तपासणी केली. गणवेशाच्या मापांच्या नोंदी पाहिल्यावर, चालकांच्या कमरेचा घेर नोकरीत शिरतानाच अधिक असल्याचे १९५६ साली त्यांनी दाखवून दिले. म्हणजे संपूर्ण फरक कामामुळेच पडला असे म्हणता येणार नव्हते. तरीही शारीरिक हालचालीचा हृदयाला लाभ होतो, हा मुख्य सिद्धान्त नंतरच्या अनेक अभ्यासांत टिकून राहिला.

दुसरा अभ्यास ब्रिटिश सरकारच्या कार्यालयीन सेवकांचा असून तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ या नावाने ओळखला जातो. १९६७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात १८,००० हून अधिक पुरुष सेवकांची तपासणी करून पुढील अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर जबाबदारीचे ओझे अधिक, म्हणून हृदयविकारही त्यांनाच अधिक होत असावा, असा त्या काळचा समज होता. प्रत्यक्षात उलटे आढळले. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई, द्वारपाल इत्यादींमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब यांसारखी ज्ञात कारणे हिशेबात घेतल्यावरही या फरकाचा मोठा भाग उलगडत नव्हता. १९८५ साली १०,३०८ स्त्री-पुरुष सेवकांवर दुसरा अभ्यास सुरू झाला. ज्यांना आपल्या कामाची गती, क्रम वा पद्धत ठरविण्याची मुभा कमी होती, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. या अभ्यासांचे नेतृत्व दीर्घकाळ करणारे प्रा. मायकेल मार्मट यांनी त्यावरून असे प्रतिपादन केले की, कर्मचाऱ्याचे आरोग्य त्याच्या सवयींइतकेच त्याच्या कामाच्या मांडणीवर अवलंबून असते.

नगरपालिकेच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. आरोग्य तपासणीचा लाभ सामान्यतः प्रथम अधिकारी वर्गास मिळतो, पण धोक्याचे ओझे सर्वाधिक वाहतो तो झाडूवाला, बिगारी, शिपाई व कंत्राटी कामगार. कार्यक्रमाचा आरंभ कोठून करावयाचा, हे त्यावरूनच ठरते.

केवळ उपदेशाने काय साधते?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कर्मचारी आरोग्य कार्यक्रमांचा मोठा प्रसार झाला. तपासणी करणाऱ्यास बक्षीस, व्यायामशाळेची वर्गणी, वजन घटविण्याच्या स्पर्धा, आहारावरील व्याख्याने असे त्यांचे स्वरूप होते. शिकागोसारख्या शहराच्या प्रशासनानेही २०१२ साली असा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात भाग न घेणाऱ्या कर्मचाऱ्यास विम्याच्या हप्त्यात दरमहा ५० डॉलर अधिक भरण्यास लावले. अशा कार्यक्रमांमुळे आजार घटतात व खर्च वाचतो, असे दीर्घकाळ मानले जात होते.

त्याची काटेकोर परीक्षा पुढे दोन मोठ्या प्रयोगांनी झाली. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली आपल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींनाच कार्यक्रमात सामील होण्याची संधी दिली. दुसरा प्रयोग एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर झाला व त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. या दुसऱ्या प्रयोगात कर्मचारी व्यायाम व वजन यांविषयी अधिक जागरूक झाल्याचे स्वतः सांगत होते. परंतु दीड वर्षानंतर रक्तदाब, रक्तातील साखर, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. इलिनॉयच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळली : अशा कार्यक्रमांत आपण होऊन येणारे लोक मुळातच अधिक निरोगी व कमी खर्चाचे असतात. आधीच्या अभ्यासांत दिसणारा लाभ बराचसा या निवडीमुळे भासत होता.

यावरून आरोग्य कार्यक्रम निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. व्याख्यान, स्पर्धा व एका दिवसाची तपासणी एवढ्यावर थांबणारा कार्यक्रम फारसे काही साध्य करीत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. म्हणून नगरपालिकांनी क्रम बदलला पाहिजे. प्रथम कामातील धोका दूर करावा, नंतर तपासणीला उपचारांची जोड द्यावी, आणि सवयींविषयीचे मार्गदर्शन या दोहोंच्या आधाराने करावे.

भूमिगत गटारे : जेथे चूक प्राणावर बेतते

नगरपालिकेच्या सर्व कामांत सर्वाधिक घातक काम म्हणजे भूमिगत गटारे व सेप्टिक टाक्या यांची सफाई. साचलेल्या मैल्यात प्राणवायूविना कुजण्याची क्रिया चालते व तीतून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साठतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असा समज कामगारांत आढळतो. हा समज जीवघेणा आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे १०० भाग झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास कळेनासा होतो. प्रमाण ५०० च्या पुढे गेल्यास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो आणि १,००० च्या आसपास एखाद-दुसऱ्या श्वासातच कोसळतो. दुसरीकडे, सामान्य हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेली जागा काम करण्यास असुरक्षित मानली जाते. मिथेन ज्वालाग्राही असल्याने, पेटता दिवा वा काडी आत सोडून हवा तपासण्याची जुनी पद्धत स्वतःच स्फोटास कारण होऊ शकते.

अशा दुर्घटनांचे एक दुःखद वैशिष्ट्य असे की, त्यांत एकाहून अधिक माणसे दगावतात. आतील सहकारी कोसळलेला पाहून दुसरा त्याला काढण्यासाठी उतरतो, त्याच्यामागे तिसरा. त्यामुळे ‘कोणीही मदतीसाठी आत उतरू नये, बाहेरूनच दोर व कप्पीने ओढावे, तत्काळ अग्निशमन दलास बोलवावे’ ही सूचना प्रत्येक कामगारास तोंडपाठ असली पाहिजे.

२०१३ चा हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून अमलात आला. त्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण वा अन्य संस्था गटार अथवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावू शकत नाही. उल्लंघनास पहिल्या अपराधासाठी २ वर्षांपर्यंत कारावास वा २ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुढील अपराधासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास वा ५ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात, १९९३ पासून गटारसफाईत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये, कायमच्या अपंगत्वाची किमान २० लाख रुपये व इतर अपंगत्वाची किमान १० लाख रुपये इतकी वाढविण्यात आली.

भरपाई ही कुटुंबाची सोय आहे. तिने गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून यांत्रिकीकरण हाच या कामगारांसाठी पहिला आरोग्य कार्यक्रम होय. मैला उपसणारी निर्वात यंत्रे, पाण्याच्या दाबाने तुंबलेली वाहिनी मोकळी करणारी जेटिंग वाहने, अरुंद गल्ल्यांसाठी लहान यंत्रे ही साधने आता उपलब्ध आहेत. केरळमध्ये विकसित झालेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ पासून मॅनहोल सफाईसाठी वापरात आला. केंद्र शासनाच्या २०२३-२४ पासून सुरू झालेल्या ‘नमस्ते’ योजनेखाली गटार व सेप्टिक टाकी कामगारांची नोंदणी, सुरक्षा साधने, प्रशिक्षण आणि आरोग्य विमा यांची तरतूद आहे. २०२४ मध्ये कचरावेचकांचाही तीत समावेश झाला. आपल्या हद्दीतील प्रत्येक कामगाराची या योजनेत नोंद झाली आहे किंवा नाही, हे पाहणे मुख्याधिकाऱ्याचे पहिले काम ठरावे. खाजगी गृहसंस्थांच्या टाक्या उपसणारे खाजगी कामगार या नोंदीतून हमखास सुटतात, हेही लक्षात ठेवावयास हवे.

झाडू, कचरा, पाऊस आणि ऊन

रस्ते झाडणाऱ्या कामगाराच्या धोक्यांची नोंद नाट्यमय घटनेने होत नाही. ते वर्षानुवर्षे फुप्फुसांत साठत जातात. नागपूर शहरातील झाडूकामगारांची कार्यालयातील चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांशी तुलना करणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात झाडूकामगारांमध्ये श्वासनलिकेचा दीर्घकालीन दाह लक्षणीय प्रमाणात अधिक आढळला. उपाय साधे आहेत. लांब दांड्याचा झाडू दिल्यास कंबर वाकत नाही व तोंड धुळीपासून दूर राहते. धुळीच्या रस्त्यावर आधी पाणी शिंपडल्यास धूळ उडत नाही. वर्दळीच्या रस्त्यांवर यांत्रिक झाडणी करता येते. मुखपट्टी हा यांनंतरचा उपाय होय, कारण उन्हात घामाने भिजलेली मुखपट्टी कामगार तासाभरात गळ्यात उतरवितो.

कचरा हाताळणाऱ्यास सुया, पाती, काचा यांनी जखमा होतात. त्यांतून धनुर्वात व यकृतशोथ ‘ब’ यांसारखे रोग संभवतात. दोहोंवर लस आहे. यकृतशोथ ‘ब’ च्या लसीच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने व सहा महिन्यांनी घ्यावयाच्या असतात. प्रत्यक्षात पहिली मात्रा शिबिरात दिली जाते आणि तिसरी राहून जाते. म्हणून लसीची नोंद हजेरीपुस्तकाशी जोडणे श्रेयस्कर. मोठी मदत नागरिकांकडूनही होऊ शकते. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम चालविली. हाताळणाऱ्यास आत काय आहे हे आधीच कळावे, एवढाच तिचा हेतू. घरातील एका मिनिटाच्या काळजीने दुसऱ्या माणसाचे हात वाचतात. पुणे महानगरपालिकेने २००२-०३ च्या सुमारास कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली होती, हा दाखलाही अनुकरणीय आहे.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई पाण्याखाली गेली, त्यानंतर या रोगाची मोठी साथ आली. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे साध्या तापासारखी वाटतात. पण दुर्लक्ष झाल्यास यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नालेसफाई करणाऱ्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट मापाप्रमाणे देणे, काम संपताच पाय साबणाने धुण्याची सोय करणे, जखमा झाकणे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या देणे, ही पूर्वतयारी मे महिन्यातच व्हावयास हवी.

उन्हाळ्याबाबत अहमदाबादचा अनुभव उद्बोधक आहे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली दक्षिण आशियातील पहिली शहरी उष्णता कृती योजना तयार केली. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील नगरपालिकांनी आपल्या कामगारांपुरती तरी अशी योजना करणे अगत्याचे आहे. कामाच्या वेळा पहाटेकडे सरकविणे, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पिता येईल अशी व्यवस्था, सावलीची जागा, आणि नव्या वा रजेवरून परतलेल्या कामगारास पहिला आठवडा हलके काम, ही तिची मुख्य अंगे असावीत. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक-दोन आठवडे लागतात.

स्त्री कामगारांची अडचण याहून वेगळी आहे. पहाटेपासून रस्त्यावर असलेल्या स्त्रीला स्वच्छतागृह मिळाले नाही तर ती पाणीच कमी पिते. परिणामी उन्हाचा त्रास व मूत्रमार्गाचे विकार दोन्ही वाढतात. प्रत्येक हजेरी चौकीवर स्त्रियांसाठी कुलूपबंद होणारे स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा व पाणी असणे ही आरोग्य कार्यक्रमाची प्राथमिक अट मानली पाहिजे.

कार्यालयातील कर्मचारी

टेबलावरील कामाचे धोके निराळे. बसून काम, अवेळी जेवण, खिडकीसमोरील वादावादी आणि वसुलीचे उद्दिष्ट यांतून रक्तदाब, मधुमेह, मानदुखी व मानसिक ताण उद्भवतात. उच्च रक्तदाबास बहुधा कोणतेही लक्षण नसते. तो १४०/९० वा त्याहून अधिक असल्याचे मोजल्यावाचून कळत नाही आणि कळल्यावर नियमित औषधावाचून आटोक्यात येत नाही. तपासणी शिबिरांची उणीव नेमकी येथे आहे. रक्तदाब मोजला जातो, कागद हाती दिला जातो, आणि पुढील महिन्यात त्या कर्मचाऱ्याने गोळ्या सुरू केल्या किंवा नाही, हे कोणी विचारीत नाही.

कामाच्या मांडणीतही पुष्कळ करता येते. खिडकीवरील कर्मचाऱ्यांची आळीपाळीने बदली, जेवणाची निश्चित व अखंड सुटी, तक्रारदार अनावर झाल्यास वरिष्ठाने तत्काळ मध्यस्थी करण्याची पद्धत, कामाचा क्रम ठरविण्यात लिपिकास मत देण्याची संधी, या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. व्हाइटहॉल अभ्यासाचा निष्कर्ष येथे थेट लागू पडतो. मानसिक ताण असह्य झालेल्यांसाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा फलक प्रत्येक कार्यालयात व चौकीवर लावावा.

तंबाखू व मद्य यांविषयी थोडे वेगळे बोलणे प्राप्त आहे. दुर्गंधीत काम करता यावे म्हणून तंबाखूची गोळी धरणारा वा मद्य घेणारा कामगार केवळ उपदेशाने सुधारत नाही. दुर्गंधीशी येणारा त्याचा संपर्क कमी करणे व सोबत व्यसनमुक्तीचे उपचार देणे, या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. शिस्तभंगाची कारवाई हा आरंभ असू नये.

कार्यक्रमाची रूपरेषा

वरील विवेचनावरून नगरपालिकेच्या कर्मचारी आरोग्य कार्यक्रमाची रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येईल.

पहिले, धोक्यांची यादी. प्रत्येक विभागाने कामगार व मुकादम यांच्यासह बसून कामनिहाय धोके लिहून काढावेत. काम करणाऱ्यास माहीत असलेला धोका कचेरीत बसून सुचत नाही.

दुसरे, मूळ कारणांचे निवारण. यंत्रे, अवजारे, कामाच्या वेळा, पाणी व स्वच्छतागृहे यांवरील खर्चासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे. हातमोजे व गमबूट स्त्री-पुरुषांच्या मापांनुसार घ्यावेत आणि फाटल्यावर बदलून देण्याची मुदत ठरवावी. एकाच मापाचे साहित्य सर्वांस वाटले, तर ते वापरले जात नाही व ठपका मात्र कामगारावर येतो.

तिसरे, तपासणी आणि पाठपुरावा. तपासणी कामाच्या वेळेत व हजेरीच्या ठिकाणी व्हावी. ज्यांना आजार आढळला त्यांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे राहावी, औषधे दरमहा चौकीवरच मिळावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील मोठ्या उपचारांचा भार उचलते. रोजची रक्तदाबाची गोळी मात्र जवळच्या दवाखान्यातूनच मिळावी लागते.

चौथे, गोपनीयता. तपासणीचा निष्कर्ष मुकादम वा ठेकेदार यांच्या हाती जाता कामा नये. आजार कळल्यास काम जाईल, ही भीती असेल तर कामगार दंड पुढे करणार नाही आणि सारा कार्यक्रम पोकळ ठरेल.

पाचवे, कंत्राटी कामगारांचा समावेश. हा या विषयातील सर्वांत कठीण भाग होय. कायम कर्मचारी व कंत्राटी कामगार एकाच रस्त्यावर, एकाच कचऱ्यात हात घालतात. जंतू त्यांच्या नेमणुकीचा आदेश पाहत नाहीत. ठेकेदाराने सोयी न पुरविल्यास त्या पुरविण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले होते. निविदेच्या अटींतच सुरक्षा साधने, लसीकरण, विमा व भरपगारी तपासणीचा दिवस यांचा उल्लेख करावा आणि देयक मंजूर करण्यापूर्वी त्यांची पूर्तता पडताळावी.

सहावे, मूल्यमापन. किती शिबिरे झाली व किती लोक आले, हे आकडे कार्यक्रमाचे यश सांगत नाहीत. किती जणांचा रक्तदाब वर्षअखेर आटोक्यात आहे, किती कामगारांनी लसीची तिसरी मात्रा घेतली, किती चौक्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह झाले, आणि वर्षभरात एकही माणूस गटारात उतरला नाही ना, हे प्रश्न विचारले पाहिजेत. थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद ठेवावी, कारण पुढचा अपघात बहुधा त्याच ठिकाणी होतो.

लहान संस्था, ग्रामपंचायती आणि शाळा

हे सर्व मोठ्या महानगरपालिकांनाच शक्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या ग्रामपंचायतीत दोन-चार सफाई कर्मचारी व एक पाणीपुरवठा कर्मचारी आहे, तेथे धोक्यांची यादी एका बैठकीत होऊ शकते आणि लसीकरण प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज होते. क्लोरीनची भुकटी हाताळणाऱ्यास हातमोजे व डोळ्यांवर चष्मा, विहिरीत वा टाकीत उतरण्यापूर्वी हवेची खात्री, गावातील शौचालयांच्या टाक्या उपसण्यासाठी जवळच्या नगरपरिषदेच्या यंत्राशी करार, एवढ्या गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. ग्रामीण भागात घरोघरी शौचालये झाली, त्या प्रमाणात काही वर्षांनी भरणाऱ्या टाक्यांचा प्रश्नही गावापर्यंत येणार आहे. त्या वेळी एखाद्या गरजू माणसास पैसे देऊन टाकीत उतरविले जाऊ नये, यासाठी ग्रामसभेने आताच ठराव करणे दूरदर्शीपणाचे ठरेल.

शिक्षकांचे कार्य याहून लहान नाही. ओला, सुका व घातक कचरा वेगळा ठेवण्याचा पाठ शाळेत दिला जातो. त्याच पाठात तो कचरा उचलणाऱ्या हातांचाही उल्लेख व्हावा. काच कागदात गुंडाळून द्यावी, सुई उघडी टाकू नये, हे विद्यार्थ्याने घरी सांगितले तर ते घरात ऐकले जाते. सफाईचे काम पिढ्यानपिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले व म्हणूनच त्यातील धोक्यांकडे समाजाने इतकी वर्षे डोळेझाक केली, हा इतिहासही वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना सांगितला पाहिजे.

बर्वे समितीच्या अहवालाला सात दशके उलटून गेली. तेव्हा मागितलेली हातगाडी आज क्षुल्लक वाटते, आणि आज मागितले जाणारे यंत्र उद्या तसेच वाटेल. प्रश्न साधनांच्या उपलब्धतेचा पूर्वी होता, आता तो अग्रक्रमाचा आहे. ज्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात रस्त्यांच्या सुशोभनाआधी हजेरी चौकीवरील पाण्याच्या नळाची, स्वच्छतागृहाची व लसीची तरतूद दिसेल, तेथे कर्मचारी आरोग्य कार्यक्रमाचा खरा आरंभ झाला, असे म्हणता येईल. शहर स्वच्छ ठेवणारा कामगार निवृत्तीच्या वयापर्यंत धडधाकट पोहोचावा, एवढी अपेक्षा पुरी करणे ही त्याच्या मालकाची, म्हणजे अंतिमतः नागरिकांची, जबाबदारी आहे.